मार चुकवणारी बाई

"कुणाचा मार चुकवतीय रे ही बाई?" पंचाक्षरी सरांनी विचारलं. सर दुसऱ्याच कुणाच्या चित्रांबद्दल बोलतायत असं वाटून अजिंक्यनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर बंद पडलेला एसी. सरांच्या हातातली कागदांची चळत त्याचीच होती. सरांनी ती एका कडेला चिमटीत धरली, अंगठ्याखालून कागद भराभर सोडले, आणि पेन्सिलीची बाई हलली. खाली बसून पुढं वाकलेली, नाक-डोळे काही नसलेली, नुसत्या रेषांची बाई. तिनं मान आत ओढली, डावा खांदा कानापर्यंत नेला, हात जागच्या जागी थांबवले, आणि मग काही झालंच नाही अशी पुन्हा कामाला लागली.

"भाकरी थापतीय सर ती," अजिंक्य म्हणाला.

"थापतीय ते दिसतंय की. हे मधलं काय आहे?" सरांनी कागद पुन्हा सोडले. "अँटिसिपेशन, म्हणजे हालचालीच्या आधीची तयारी, मात्र झकास पकडलायस. पण त्याच्यापुढं ॲक्शन लागते, बे. बॉलर मागं जातो ते बॉल टाकायला. इथं बाई अंग आवळून घेतीय आणि पुढं मारायला कुणी येतच नाही. बघणारा ताटकळत राहतो. एक तर मारणारा काढ, नाहीतर हे मधले कागद काढून टाक."

"माशी आली असेल सर," शेजारच्या टेबलावरून आरोही म्हणाली आणि दोघंतिघं हसले.

"माशी आली तर माणूस हात झटकतो. मान आत घेत नाही." सरांनी चळत टेबलावर ठेवली आणि ते पुढच्या मुलाकडे गेले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

अजिंक्यला मात्र एकदम दचकायला झालं. जिन्यात अंधारात एक पायरी जास्त धरून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं. ती बाई त्याची आई होती, बजाबाई. वर्गात हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि चेहरा काढायचाच नाही असं सरांचं सांगणं असल्यामुळं कळायचं कारणही नव्हतं. घरातल्या एखाद्या माणसाला रोजचं काम करताना मोबाइलवर टिपा, कॉम्प्युटरवर एकेक चित्र थांबवून स्क्रीनवर पातळ कागद धरा आणि गिरवा, असा अभ्यास होता. त्यानं गिरवलं होतं. गिरवताना माणूस रेष बघतो. खांद्याची रेष कुठून निघाली, मानेला कुठं मिळाली, पदराची घडी कुठं मोडली. आई बघत नाही. हे मधले कागद काढताना त्याला वाटलं होतं, आई पीठ घ्यायला वाकली असेल. आपण काय काढतोय हे त्याला कळलं नव्हतं, आणि एका परक्या माणसानं ते एका नजरेत वाचलं होतं, दुकानावरची पाटी वाचावी तसं.

ॲनिमेशनचा क्लास सोलापूरच्या नवी पेठेत होता, साड्यांच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर. खालून गिऱ्हाइकांना बोलावणाऱ्या पोरांचा आणि रिक्षांच्या हॉर्नचा आवाज दिवसभर वर येत राहायचा. नाव लिहिलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर राक्षस उठवायचे, गाड्या उडवायच्या. सरांनी हातात पेन्सिली दिल्या. पंचाक्षरी सर अक्कलकोटकडचे. हैदराबादला कार्टूनच्या मालिकांमध्ये हातानं चित्रं काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली, आणि तो जमाना संपल्यावर ते कॉम्प्युटर शिकून परत आलेले. "कॉम्प्युटरला दोन टोकं दिली की मधलं तो भरतो," ते सांगायचे, "पण काय भरायचं ते त्याला कळत नाही. त्यानं चालवलेलं माणूस पाण्यात चालल्यागत चालतंय. वजन नाही, हाड नाही. मधलं तुम्हाला ठाऊक पाहिजे." म्हणून आधी नुसता चेंडू. चेंडू जमिनीवर आपटताना किती चपटा करायचा, उसळताना किती लांबवायचा, वर गेल्यावर किती रेंगाळत ठेवायचा. पोरं कंटाळून गेली. अजिंक्यला चेंडू सगळ्यात आधी जमला. वरच्या टोकाला, जिथं चेंडू वरही जात नसतो आणि खालीही येत नसतो, तिथं त्यानं एवढी जवळजवळ चित्रं काढली होती की सर म्हणाले, "हे कुठून आणलंस?" आणि तो लाजत बोलून गेला होता, "लहानपणी बाबा मला उडवायचे, सर. वर गेलं की असंच व्हायचं." वडलांची त्याच्याकडे असलेली ती एकच आठवण. श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतलं अंगण, हवेत मळीचा आंबूस वास, काखेत दोन जाड हात, आणि मग ते हात नाहीत, खाली काहीच नाही, पोटात गोळा, कडुलिंबाच्या फांद्या अगदी डोळ्यांजवळ. आणि मग पुन्हा हात.

त्यानं कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ पुन्हा लावला. रविवारच्या सकाळी घरी घेतलेला. कुंभारीच्या वसाहतीतल्या त्यांच्या घराची ती पुढची खोली. आई काठवट पुढं घेऊन बसलीय. ती कडक भाकऱ्या करून विकते. पातळ थापायच्या, तव्यावर फडक्यानं दाबत दाबत पापडासारख्या कुरकुरीत करायच्या, आणि पिशव्यांत भरून दुकानांत द्यायच्या. शेजारची दिपाली तिला हाताशी असते. व्हिडिओत आई बोलतीय, गॅसची गाडी आणतो त्या माणसाच्या मेव्हणीचं लग्न का मोडलं ते काहीतरी. तिचे हात गरागरा फिरतायत. उजेड नीट पडत नव्हता म्हणून अजिंक्य चित्रात येतो, नुसता खांद्यापासून पुढं, आणि तिच्या डोक्यावरून हात लांबवून दोरीवरचा टॉवेल सरकवतो. साध्या वेगात बघितलं तर काहीही होत नाही. आई बोलायचंसुद्धा थांबत नाही. त्यानं एकेक चित्र पुढं सरकवायला सुरुवात केली. हात वर निघाला. अजून टॉवेलपर्यंत गेला नाही. आईचे डोळे मिटले. हनुवटी गळ्यात गेली. डावा खांदा वर. बोटं पिठात रुतून थांबली. टॉवेल सरकला. डोळे उघडले. खांदा उतरला. हात फिरू लागले. तोंड सगळा वेळ बोलतच होतं. बोलणारी बाई एक होती आणि खांदा उचलणारी दुसरीच कुणी, आणि ह्या दोघी एकाच लुगड्यात बसून एकमेकींना ओळखत नव्हत्या.

धूर गेला असेल डोळ्यांत. पीठ उडालं असेल. त्यानं व्हिडिओ पुढं नेला. थोड्या वेळानं दिपाली आत येते, आईच्या अगदी डोक्यावरून हात घालून फळीवरची काडेपेटी घेते. आई हलतसुद्धा नाही. पुन्हा शेवटी अजिंक्य मोबाइल बंद करायला येतो, हात उचलतो. मान आत. खांदा वर. त्यानंतर पडदा काळा.

म्हणजे मी, त्याला वाटलं. दिपाली नाही, धूर नाही, मी. शेजारी आरोही काहीतरी विचारत होती आणि तो हो हो म्हणत होता. मी कधी आईवर हात उगारलाय? तो एखाद्या कपाटातले सगळे कपडे बाहेर काढून टाकावेत तसा आठवणी उपसू लागला. बारावीत नापास झाल्यावर ताट भिरकावलं होतं, ते भिंतीकडे. मोबाइल पाण्यात पडला तेव्हा ओरडला होता. तापात असताना, झोपेत, दारू तर तो पीत नाही, मग कधी? कुठल्या दिवशी? नसेलच, तर माझ्या आईचं अंग मला का घाबरतं? आणि घाबरतं ते केव्हापासून? भाजी वाढताना, दिवा लावताना, देवळात घंटा वाजवायला हात वर केला तेव्हा, सणाच्या दिवशी नमस्काराला वाकून उठताना, कितीदा? तो रोज तिच्या शेजारी उठत-बसत होता आणि रोज ती बाई त्याच्यापासून एवढीशी आत सरत होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

क्लास सुटायच्या आधीच तो खाली उतरला. नवी पेठ दुपारच्या गर्दीनं फुगली होती. आणि आता त्याला जिकडंतिकडं हातच दिसायला लागले. कापड झटकून दाखवायला उगारलेला हात, रिक्षा थांबवणारा हात, लेकराच्या पाठीत धपाटा घालायला मागं गेलेला एका बाईचा हात. ते लेकरू आधीच वाकलं होतं. धपाटा बसला, ते रडलं, आणि बाईनं त्याला ओढत नेलं. त्याचं रडणं अजिंक्यला फार बरं वाटलं. म्हणजे झालं तरी. सुरू झालं ते संपलं तरी. सर म्हणतात ते खरं, नुसतं आवळून घेतलेलं अंग बघवत नाही. त्यानं स्वतःचे हात पँटच्या खिशात घातले आणि कुंभारीची बस येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. शहर मागं पडलं, एका बाजूला वीटभट्ट्या, एका बाजूला ज्वारीची काढलेली रानं. हात मांडीवर ठेवून तो ते बघत राहिला. रुंद पंजा, आखूड बोटं. "हुबेहूब रामहरी," असं वडलांकडचे सगळे म्हणत. वडील, रामहरी, उसाच्या वजनकाट्यावर कामाला होते. अजिंक्य शाळेतही जात नव्हता तेव्हा सीझनमध्ये एका उसाच्या ट्रॉलीखाली सापडून ते गेले, आणि आई त्याला घेऊन सोलापुरात आली. रामहरींसारखा माणूस नव्हता, असं तो आईच्या तोंडून ऐकत मोठा झाला. मुंगी चिरडली तर हळहळायचे. हिवाळ्यात आधी हात चोळून गरम करायचे आणि मग तुला उचलायचे. कारखान्यातून येताना रुमालात गरम साखर बांधून आणायचे. हसू आलं की नाक पुसायचे. आई सांगतानाच ते करून दाखवायची, हात चोळायची, नाक पुसायची, आणि छोटा अजिंक्य तिच्यासारखं करायचा. आजही थंडीत तो कुणाच्या लेकराला घ्यायच्या आधी हात चोळतो. 'अगदी बापागत,' आई म्हणते, आणि त्याला छातीत भरून येतं.

पण एक गोष्ट त्याला आता आठवली आणि बसच्या खिडकीचे गज त्यानं धरले. दोनेक वर्षांपूर्वी तो धोंडीराम मामाच्या शेतावर गेला होता. सांज होत आली होती. मामा बांधावर बसला होता, आणि अजिंक्य पाटाच्या कडेनं लांबून चालत येत होता. मामा एकाएकी उठला. हातात खुरपं होतं. खुरपं त्यानं असं धरलं होतं की अजिंक्यला वाटलं, मागं साप आहे की काय. जवळ आल्यावर मामाचा चेहरा उतरला. "तू व्हय," तो म्हणाला आणि खाली बसला. "काय झालं मामा?" "काय न्हाय. चालतुयास लई रामहरीगत." आणि अजिंक्य हसला होता. त्याला आनंद झाला होता.

घरी आला तेव्हा आई भाकऱ्यांच्या पिशव्या बांधत होती. "लवकर सुटला व्हय आज?" ती म्हणाली. "जेवतोस का?" तो दारातच उभा राहिला. तिच्यापर्यंत किती जवळ जायचं ते त्याला ठरवता येईना. "हात का खिशात घातल्यात? लागलं का काय?"

"नाही."

"मग दाव की."

"आई, बाबा तुला मारायचे?"

आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कोन म्हनलं तुला? धोंडीराम?"

नाही म्हणाली नाही ती. काहीतरीच काय विचारतोस, असंही म्हणाली नाही. बसमध्येच अजिंक्यला याचा अंदाज आला होता, तरी ते एक 'नाही' आईच्या तोंडून निघेल आणि आपण मूर्ख ठरू, असं त्याच्या मनाच्या तळाशी कुठंतरी होतं. ते आता गेलं.

"मामा काही बोलला नाही," तो म्हणाला. "तूच सांगितलंस." आणि त्यानं मोबाइल काढला, तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि तिला ते एकेक चित्र करून दाखवलं. आपला हात वर जातोय ते. तिचे डोळे मिटतायत ते. आई आधी हसली, स्वतःला मोबाइलात बघून हसतात तशी. मग हसू तिथंच राहिलं, तोंड मात्र निराळं झालं.

"ही मी?"

"हो."

"परत लाव."

त्यानं पुन्हा लावलं.

"मी आसं करती व्हय?" तिनं विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "रोज करती?"

"माहीत नाही. करत असशील."

"मला ठावं न्हाय बाबा." ती मोबाइलाकडे बघत राहिली. चोरी झालेल्या घराकडे बघावं तसं. "आजून हाय म्हन की हे. मी म्हनलं, त्याला जाळलं तवा संपलं. शप्पत सांगती तुला, मला वाटलं संपलं. एवढी वर्सं झाली. मी स्वप्नात बी बघत न्हाय त्याला." तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे खांदे धरले. "हे आंग काय आयकतच न्हाय मानसाचं."

मग तिनं सांगितलं. रडली नाही. पिशव्यांच्या तोंडाला गाठी मारत मारत, आडव्या गल्लीनं घरी जावं तसं थोडं इकडून थोडं तिकडून सांगितलं. रामहरी गावात लई चांगला माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. काट्यावर कुणाचं दोन किलो इकडं तिकडं केलं नाही. घरी आला की दार लावून घ्यायचा. कशासाठी मारायचा असं काही नव्हतं. पहिल्यांदा मिठावरून. मग मीठ बरोबर पडलं तरी. "मारायचं येवढं काय न्हवतं रं," आई म्हणाली. "मार काय, बसला की झाला. पर त्यो आदी हात वर करायचा. आन् थांबायचा. मी कशी बसती त्ये बघायचा. मंग कवा मारायचा, आन् कवा नुसता दोरीवरचा टावेल घ्यायचा आन् हसायचा. म्हनायचा, घाबरली व्हय? मी टावेल घेत हुतो."

अजिंक्यनं वर पाहिलं नाही, पण दोरी तिथं आहे आणि तिच्यावर टॉवेल आहे हे त्याच्या टाळूला कळत होतं. वर्गात सरांनी जे सांगितलं होतं, की आवळलेल्या अंगापुढं मार आला नाही तर बघणारा ताटकळतो, ते त्या माणसाला कुणी न शिकवता ठाऊक होतं. तो त्या ताटकळण्यावरच जगत होता.

"मग मला उडवायचे ते?" अजिंक्यनं विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं. "अंगणात. लिंबाखाली. ते मला आठवतं, आई. ते तू सांगितलेलं नाही, माझं मला आठवतं."

आई गाठ मारायची थांबली.

"त्यो धोंडीराम," ती म्हणाली. "दिवाळीला मला न्यायला यायचा, तुला उडवायचा, आन् तसाच रिकामा माघारी जायचा. तू मोठा झाल्यावर एकदा म्हनलास, बाबा मला उडवायचे न्हवं? मी व्हय म्हनलं. काय म्हनू?"

तो खाली बसला. पोटात तोच गोळा, पण खाली झेलणाऱ्या हातांचा पत्ता नाही. कडुलिंबाच्या फांद्या जवळ आल्या होत्या आणि तशाच राहिल्या होत्या. त्याला आश्चर्य वाटलं की आठवणीतले हात अजून जाडच आहेत, काखेत तसेच लागतायत. फक्त त्यांच्यावरचा माणूस कुणीतरी उचलून नेला होता.

"गरम साखर?"

"माजा बा आनायचा. आमच्या लहानपनी, गुऱ्हाळावरनं. गूळ असायचा, मी साखर केली."

"आणि हात चोळून उचलायचे ते?"

"त्ये मीच." ती आता त्याच्याकडे सरळ बघत होती. "पोराला बाप लागतो. शाळंत इचारत्यात. तुजा बाप गेला तवा तुज्यासाठी माज्याकडं त्याचं एक बी चांगलं न्हवतं. मंग कुनाकुनाचं गोळा केलं आन् एक बाप केला. काय वंगाळ केलं?" मग जरा थांबून ती म्हणाली, "चांगलं तेवढं मी शिकवलं तुला. हात तेवढा तुजा तू घिऊन आलास."

हे ती रागानं बोलली नाही. पण ते वाक्य त्याच्या अंगात जाऊन बसलं आणि हलेना. चालताना टाच आधी टाकतो तो आपण नव्हे. वळताना खांदा आधी वळवतो तो आपण नव्हे. आपण हात कोपरातून न उचलता खांद्यातून उचलतो, एकदम, तोल न बदलता. आपण रोज वर्गात कागदावर अभ्यास करतो तो ह्याचा, माणूस कशानं ओळखू येतो ह्याचा. चेहरा काढून टाकला तरी कशानं उरतो ह्याचा. तो माणूस उरला होता. ह्या खोलीत जेवत होता, टॉवेल सरकवत होता. आई त्याला पोळी वाढत होती. 'बाळा' म्हणत होती.

"मी शहरात खोली बघतो," अजिंक्य म्हणाला. "क्लासच्या जवळ. आरोहीच्या भावाच्या ओळखीची आहे एक. तू इथं निवांत राहा."

"का?"

"का म्हणजे? मी हात वर केला की तू मरतेस, आई. रोज. तुला कळत नाही एवढंच."

"आन् म्हनून मी एकलीनं ऱ्हायचं?" आईचा आवाज चढला. तो ह्या घरात कधी चढत नसे. "त्यो जित्ता हुता तवा मी आईबापाची तुटली. त्यो मेल्यावर आता पोराची तुटू? किती द्यायचं त्याला? सांग की. किती?" पिशव्या तिनं बाजूला लोटल्या. एक फाटली आणि भाकरीचे तुकडे फरशीवर पसरले. दोघांनीही ते उचलले नाहीत. "ऊठ."

"आई..."

"ऊठ म्हनती न्हवं. हितं उभा ऱ्हा. आन् हात उचल."

तो उभा राहिला, कारण तिचं ऐकायची सवय होती. हात मात्र उचलेना. मांडीला चिकटल्यासारखा झाला. "उचल," ती म्हणाली. ती त्याच्या समोर बसली होती, मांडी घालून, पाठ ताठ करून, डोळे उघडे ठेवून. परीक्षेला बसल्यासारखी. त्यानं उचलला. हळूच, एखादं भांडं वाजू नये म्हणून उचलावं तसा.

"तसा न्हवं. तुज्यागत."

त्यानं उचलला. तिचे डोळे मिटले. मान गेली. खांदा गेला. आणि या वेळी ते तिला कळलं, त्यानं ते कळताना पाहिलं, आणि मोबाइलात पाहिल्यापेक्षा ते भयंकर होतं. "थू," ती म्हणाली, स्वतःला का त्याला का तिसऱ्याच कुणाला, त्याला समजलं नाही. "परत."

त्याला रडू यायला लागलं. "मला नाही होत, आई."

"मला हुतंय. परत."

त्यानं हात खाली घेतला आणि पुन्हा उचलला. तिनं डोळे उघडे ठेवले. पापण्या थरथरल्या, पण उघड्या राहिल्या. खांदा मात्र आपला वर. तिनं मान वळवून त्या खांद्याकडे पाहिलं, पाहुण्यांच्या देखत हट्टाला पेटलेल्या पोराकडे बघावं तसं, आणि उजव्या हातानं तो दाबून धरला. "आता उचल." हात वर गेला. तिच्या तळव्याखाली खांदा जोर करत होता. तिची बोटं वर ढकलली जाताना त्याला दिसली. ती दाबत होती. दातांवर दात होते. कपाळावर घामाच्या बारीक ठिपक्यांवर पीठ चिकटलं होतं. तो हात खाली घेऊ लागला.

"खाली कशाला घेतोस? मी सांगितलं का?"

हात वरच राहिला. दंडाला रग लागायला लागली. असा उगारलेला हात इतका वेळ धरून तो माणूस कधी उभा राहिला असेल का, असं अजिंक्यच्या मनात आलं, आणि त्याला जाणवलं की हात थरथरतोय. आणि आईही ते थरथरणं बघतीय. ती हाताकडे असं बघत होती की जणू आजवर तो तिनं कधी बघितलाच नव्हता. खरंच कुठं बघितला होता? प्रत्येक वेळी डोळे मिटलेले. बोटं आखूड आहेत. अंगठ्याला पेन्सिलीचं काळं लागलंय. खांदा खाली आला नव्हता. पण तळव्याखालचा जोर मघापेक्षा कमी होता का, हे तिलाच ठाऊक.

बाहेरून दिपालीची हाक आली, "मावशी, झाल्या का पिशव्या? टेम्पो आलाय."

"थांब जरा गं," आई ओरडली, हातावरची नजर न काढता. "मी कामात हाय."